एनिडची जांभळी

एनिड इबटसनच्या तोंडी लागू नये, हे आमच्या शेफील्डच्या त्या गल्लीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. बाई काट्या-चमच्यांना पॉलिश करायच्या कारखान्यात कामाला. डोक्याला लाल फडकं, मांड्यांवर तपकिरी कागद सुतळीने बांधलेला आणि पुढ्यात गरगरणारं चाक. तेल आणि वाळूचा काळा राबडा दिवसभर तोंडावर उडायचा. त्या घरघरीत शेजारणीशी बोलायचं तर ओरडावंच लागतं, म्हणून पॉलिशवाल्या बायांचा आवाज घरी आल्यावरही खाली येत नाही. एनिडचा तर चर्चमध्येही येत नसे. एकदा पाद्रीबुवांनी प्रवचन लांबवलं तेव्हा ती मागच्या बाकावरून म्हणाली होती, "आटपा हो, चुलीवर मटण आहे माझं."

पण तिचा खरा राग वेगळाच होता आणि तो ती कुणापुढे बोलत नसे. तो राग एका माशीवरून होता. खऱ्या नव्हे, गळावर पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेल्या, जवाच्या दाण्याएवढ्या नकली माशीवरून.

नवरा क्लॅरेन्स पोलादाला पाणी देणारा. सुऱ्यांची पाती भट्टीत लाल करायची, तेलात बुडवायची, मग पुन्हा बेताने तापवायची आणि रंग वाळल्या गवतासारखा पिवळा आला की थांबायचं. जरा जास्त तापलं की पाणी उतरलं, पातं मऊ पडलं, वाया गेलं. या कामात क्लॅरेन्सचा हात धरणारा सगळ्या शहरात नव्हता. पण त्याच कामाने त्याची बोटं भाजून भाजून जाड झाली होती. शर्टाची वरची गुंडी लावायलासुद्धा त्याला बायको लागायची.

शनिवारी दुपारचा भोंगा झाला की हा गडी गळाची काठी घेऊन बसने रिव्हलिनच्या ओढ्यावर. शहर संपतं तिथेच ओढा सुरू होतो. जुन्या पाणचक्क्यांचे बांध, त्यांच्या खालचे डोह, वर वाकलेली झाडं आणि त्या गार पाण्यात वीतभर, क्वचित हातभर लांबीचे ठिपकेवाले ट्राउट मासे. तिथे कारखान्यातल्या कामगारांचा क्लब होता आणि क्लबचे कायदे कोर्टापेक्षा कडक होते. गांडूळ लावून मासा धरणारा माणूस तिथे चोराहून नीच. नकली माशीच लावायची, ओढ्यातून वर वर चढत जायचं आणि पुढे कुणी असेल तर त्याच्या पाण्यात पाय घालायचा नाही. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या ट्राउटला चांदीचा चषक आणि चषकावर नाव. मात्र ज्या माशीवर तो ट्राउट धरला ती माशी माणसाने स्वतःच्या हाताने बांधलेली पाहिजे. दुसऱ्याच्या हातची लावली असेल तर चषक विसरायचा.

क्लॅरेन्सला माशी बांधता येत नव्हती. टेबलाला लावलेल्या छोट्या शिकंज्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, गळ धरायचा, दोरा घ्यायचा, दोन वेढे द्यायचे आणि तिसऱ्याला दोरा तोडायचा. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एनिडने हा तमाशा आठवडाभर बघितला आणि मग त्याला खुर्चीतून उठवलं.

"सरक. म्हशीने शिवण शिवावं तसं चाललंय तुझं."

ती बसली. डावखुरी होती, म्हणून व्हाइस उलटा फिरवून घेतला. बाजारातून आणलेला जांभळा रेशमी दोरा मोच्याच्या मेणातून ओढला की ओल्या जांभळासारखा काळपट दिसायचा. त्यावर कारखान्यातून आणलेल्या केसाएवढ्या चांदीच्या तारेचा पीळ आणि डोक्याशी पाणकोंबडीच्या पंखाखालचं राखाडी पीस, दीड वेढा, जास्त नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती त्याच्यासाठी डबा घेऊन ओढ्यावर गेली की नुसती बसत नसे. पाण्यातले दगड उलटून खालचे किडे बघायची, बांधावर येऊन बसणाऱ्या माश्या हातावर घ्यायची. पहिली माशी बांधून झाली तेव्हा तिने ती खिडकीशी धरून बघितली आणि तिला इतका आनंद झाला की कधी नव्हे ती गप्प बसली.

त्या माशीवर क्लॅरेन्सने पहिला चषक जिंकला.

पबमध्ये सत्कार होता. तिथल्या मोठ्या खोलीत बायकांना मज्जाव. त्यांनी बोळातल्या लहान खोलीत बसायचं आणि भिंतीतल्या खिडकीतून आपला पेला घ्यायचा. एनिड नवी टोपी घालून बोळात उभी होती. आतून कुणीतरी विचारलं, "क्लॅरेन्स, लेका, ही जांभळी कुठून काढलीस?" आणि क्लॅरेन्स म्हणाला, "हिवाळाभर बसलो रे. डोळे गेले माझे."

घरी येताना तिने त्याला रस्त्यातच धरलं. "तुझे डोळे गेले होय? तुझे?"

"अगं, नियम आहे. खरं सांगितलं तर हाकलतील मला," तो म्हणाला. "तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पुरे नाही का?"

पुरे नव्हतं. एक दिवसही पुरे झालं नाही. आणि क्लॅरेन्स वाईट माणूस नव्हता, हेच तिला जास्त जाचायचं. पगाराचं पाकीट न फोडता हातात देणारा, दारू बेताची, हात कधी उगारला नाही. फक्त ते एक नाव तेवढं त्याने उचललं आणि आयुष्यभर खिशात घालून फिरला. तरी ती बांधत राहिली. का बांधत होतीस, असं विचारलं असतं तर तिने शिवी घातली असती. पण खरं कारण इतकंच की तो ओढ्यावरून येऊन सांगायचा, "डोहातल्या थोरल्याने वर येऊन घेतली गं, जराही शंका न घेता," आणि तेव्हा तिच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. मग दुसऱ्या क्षणी राग यायचा.

पुढे पुढे क्लॅरेन्सचं धाडस वाढलं. "हॉरेससाठी सहा कर," असं म्हणायला लागला. "अर्नेस्टला चार हव्यात. कुणाला बोलू नको, त्याला वाटतंय फक्त त्यालाच देतोय." क्लबातला एकेक जण क्लॅरेन्सला एकांतात गाठायचा, बियर पाजायचा आणि जांभळ्या खिशात घालून न्यायचा. प्रत्येकाला वाटायचं, चोरी करणारा आपण एकटाच. त्यांची नावं एकामागून एक चषकावर कोरली जात होती आणि एनिडला त्यातलं कुठलं नाव कुठल्या हिवाळ्यात तिच्या व्हाइसवर बसलं होतं, हे तोंडपाठ होतं.

मग एका जानेवारीत क्लॅरेन्सची छाती भरली आणि आठवड्यात तो गेला.

अंत्यविधीनंतर घरातल्या पुढच्या खोलीत चहा आणि हॅम-पाव होता. क्लबचा चिटणीस हॉरेस ब्रॅमर बशीत हॅमची चवड घेऊन मध्यभागी उभा राहिला. हॉरेस सुऱ्यांना धार लावणारा, पण चिटणीस झाल्यापासून बोलणं असं की जणू महापौर. त्याने घसा खाकरला. "क्लबने ठरवलंय, मिसेस इबटसन. क्लॅरेन्सने चषक जिंकला ती माशी काचेच्या चौकटीत आपण जपून ठेवलीच आहे. आता तिच्याखाली चांदीची पट्टी लावायची. ‘क्लॅरेन्सची जांभळी’. यापुढे या शहरात ती माशी त्याच नावाने ओळखली जाईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एनिडने किटली खाली ठेवली.

"ती माशी माझी आहे. मी बांधली. सगळ्या मीच बांधल्या. पट्टी लावायची तर माझ्या नावाची लावा."

खोलीत कुणी चघळेना. मग हॉरेसने तिच्या खांद्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा. "दुःख आहे गं बाई. माणूस काहीही बोलतं. वडील गेल्यावर माझी आईसुद्धा म्हणायची, घराचं छप्पर मीच शाकारलं."

"मग शाकारलं असेल तिनेच, मेल्या!"

काही जण हसले. एनिडच्या अंगाचा तिळपापड झाला. हसणाऱ्यांकडे तिने एकेक करून बघितलं. तिच्या माश्या खिशात घालून फिरणारे हेच सगळे, आणि आता तोंडात तिचाच हॅम. एकालाही लाज वाटली नाही. फक्त क्लबचा अध्यक्ष, म्हातारा एझ्रा स्टॅनिफोर्थ, हसला नव्हता. पण तो बोललाही नाही.

निघताना हॉरेस दारात थांबला. "आणि एक विनंती. मे महिन्यात पट्टी लावायचा कार्यक्रम. त्या दिवशी सगळ्यांनी क्लॅरेन्सच्याच माश्या लावून ओढा चढायचा असं ठरलंय. त्याच्या डब्यात उरल्या असतील ना?"

डबा रिकामा होता. एनिड म्हणाली, "देते की. सगळ्यांना पुरतील एवढ्या देते."

एप्रिलभर ती बांधत बसली. गळ व्हाइसमध्ये धरला की त्याला नखाने छेडायची तिची सवय होती. ‘टिंग’ वाजला की पोलादाला पाणी बरोबर आहे. या वेळी तिने आधी एकेक गळ चिमट्यात धरून गॅसवर लाल केला आणि चुलीच्या राखेत हळूहळू निववला. पोलादाचं पाणी कसं देतात हे नवऱ्याकडून ऐकून ऐकून तिला कसं काढतात हेही येत होतं. छेडला तर गळ मुका. वरून चुलीला लावायचं काळं पॉलिश फासलं, की नवाकोरा दिसायला लागला. त्यावर जांभळ्या मात्र तिने अशा बांधल्या की आयुष्यात तितक्या सुबक बांधल्या नव्हत्या. खोटं काम करतानाही तिला वाईट बांधता येईना.

पॉलिशच्या चाकावर शेजारी बसणाऱ्या नेलला तिने हे सांगितलं. नेल हसून हसून स्टुलावरून पडायची राहिली.

"अगं पण क्लॅरेन्सचं नाव जाईल की मातीत!"

"जाऊ दे. मला मिळालं नाही, तर त्यालाही नको."

नेल हसायची थांबली. "मेलेल्या माणसाशी भांडतेस होय?"

"जिवंत होता तेव्हा भांडून झालंय," एनिड म्हणाली आणि चमचा चाकाला लावला.

मे महिन्यातल्या त्या कार्यक्रमाच्या रविवारी ढगाळ हवा होती, म्हणजे ट्राउटसाठी झकास. एनिड जुन्या पाणचक्कीच्या बांधावर कोट पसरून बसली, थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि बघत राहिली. खाली माणसं ओळीने पाण्यात उतरली. चिटणीसाचा मान म्हणून हॉरेस सगळ्यांच्या पुढे, बांधाखालच्या डोहात. त्याने दोरी मागे घेतली, पुढे टाकली आणि जांभळी फेसाच्या कडेला अलगद पडली.

डोहातला थोरला वर आला. सावकाश, तोंड उघडून, जराही शंका न घेता. एनिड उठून उभीच राहिली. तिच्या पोटात तीच जुनी गुदगुली झाली आणि क्षणभर ती विसरलीच की आपण काय करून ठेवलंय.

काठी वाकली. हॉरेस ओरडला, "लागला! बापरे, हा बघा केवढा!" ट्राउट खाली बुडाला, मुळांकडे वळला आणि काठी फटकन सरळ झाली. हॉरेसने दोरी ओढून घेतली. जांभळी जागेवर होती, पण गळ सुईसारखा सरळ.

"असं कसं?" तो पुटपुटला.

तेवढ्यात खालच्या वळणावरून अर्नेस्टची शिवी ऐकू आली. मग त्याच्याही खालून आणखी एकाची. ओढाभर माणसं सरळ झालेले गळ तळहातावर घेऊन उभी. बांधावर एनिड पोट धरून हसत होती, चहा कोटावर सांडला तरी तिला भान नव्हतं.

हॉरेसने वर बघितलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

पबमध्ये तासाभराने सगळे जमले. भिंतीवर चौकटीत चषकाची जांभळी, खाली रुमालाने झाकलेली पट्टी. एनिड या वेळी बोळात थांबली नाही. सरळ मोठ्या खोलीत शिरली. पबवाला म्हणाला, "बाई, इथे नाही हं," त्यावर तिने त्याला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो पेले पुसायला लागला.

हॉरेसने मूठभर जांभळ्या टेबलावर आपटल्या. "बघा! वरचा काळा रंग धुऊन निघालाय. खाली राखाडी पोलाद. गळ लाल करून पाणी उतरवलंय! क्लॅरेन्सने जन्मभर पोलादाला पाणी दिलं, तो असलं पाप करेल? या त्याच्या नाहीतच. या हिच्या आहेत!"

"चांगल्या होत्या तेव्हा त्याच्या," एनिड म्हणाली, "आणि दगा दिल्यावर माझ्या होय रे?"

"पुरावा देतो ना! एझ्रा, तुमचं भिंग द्या इकडे." हॉरेसने एक माशी भिंगाखाली धरली. "हा तारेचा पीळ बघा. उलटा आहे. सरळ हाताचा माणूस बांधतो त्याच्या बरोब्बर उलटा. आणि ही बाई डावखुरी आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे. झालं? हिच्याच हातच्या!"

"शाबास, हॉरेस," एनिड म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा डोळे उघडून बघितलंस. आता तेच भिंग घे आणि भिंतीवरची बघ."

हॉरेस हलला नाही. म्हातारा एझ्रा मात्र उठला. टेबलांना धरत धरत भिंतीपर्यंत गेला, भिंग चौकटीच्या काचेला लावलं आणि बराच वेळ वाकून राहिला.

"ही पण उलटीच आहे," तो म्हणाला.

एझ्रा वळला. त्याचा चेहरा पडला होता. क्लॅरेन्स त्याचा मित्र होता.

"चार वेळा," एझ्रा म्हणाला. "चार वेळा मी स्वतः त्याच्या हातात चषक दिला. तेव्हा त्याला विचारलं होतं, स्वतः बांधलीस ना? माझ्या डोळ्यात बघून हो म्हणाला."

"आता तरी पटलं?" एनिडचा आवाज फाटला. "मग त्या पट्टीवर माझं नाव घाला."

एझ्राने मान हलवली. "पट्टी लागणार नाही. क्लॅरेन्सचं नाव चषकावरून पुसलं जाईल. नियम म्हणजे नियम. पण बाईचं नाव क्लबच्या भिंतीवर नाही येणार, मिसेस इबटसन. तू सभासद नाहीस. होताही येत नाही."

"म्हणजे बांधली कुणीच नाही? आपोआप बांधली गेली?"

"आज तू जे केलंस," एझ्रा शांतपणे म्हणाला, "त्यानंतर तर मागूच नकोस."

हे तिला लागलं, कारण ते बरोबर होतं. आयुष्यात तिच्या हातून एकच खोटं काम झालं होतं आणि नेमकं तेच तिच्या नावावर जमा झालं. ती रडली नाही. टेबलावरच्या जांभळ्या गोळा केल्या, खिशात टाकल्या आणि बाहेर पडली. मागून हॉरेस कुणाला तरी म्हणत होता, "बाई आहे, की विंचू!"

त्याला तेवढ्यावर थांबवेना, हीच त्याची चूक झाली. दोन दिवसांनी चषक काखोटीला मारून तो कारखान्यात हजर. नाव घासून काढायचं काम कुणालाही देता आलं असतं, शहरात पॉलिशवाल्या काय कमी होत्या? पण त्याला एनिडच हवी होती. बायांच्या रांगेतून तो ऐटीत चालत आला आणि चषक तिच्या पुढ्यात ठेवला.

"क्लबचं काम आहे. नवऱ्याचं नाव बायकोनेच पुसावं असं म्हटलं मी. शोभून दिसेल."

चाकं एकेक करून थांबली. नेल म्हणाली, "मुडद्या, लाज नाही वाटत?"

"थांब, नेल." एनिडने कागदाला हात पुसले. ती ओरडली नाही, आणि हे बघून तिला ओळखणाऱ्या बाया जरा मागे सरकल्या. "हॉरेस, मला नीट समजू दे. मी अडाणी बाई. चषकावरचं कुठलं नाव पुसायचं?"

"दुसऱ्याने बांधलेल्या माशीवर ज्याने जिंकला, त्याचं."

"कुणीही असो?"

"कुणीही असो. नियम सगळ्यांना सारखा."

"ऐकलंत गं सगळ्यांनी?" तिने रांगेकडे बघून विचारलं. सगळ्या रांगेने ऐकलं होतं. "ठेव मग. शनिवारी ये."

तिने आधी बाकीची नावं काढली. चांदी जाड होती, अक्षरं हळूहळू उथळ होत गेली आणि मग नव्हतीच. अर्नेस्ट गेला. वजन करताना ट्राउटच्या पोटात छर्रे भरल्याचा ज्याच्यावर संशय होता तो गेला. हॉरेस ब्रॅमर गेला, दोनदा. एझ्रा स्टॅनिफोर्थच्या नावाला तिने बोटही लावलं नाही, उलट कडेची धूळ काढली. म्हातारा स्वतःच्या ओबडधोबड माश्या स्वतः बांधायचा आणि त्याच्यावर कितीही चिडली तरी ते खोटं म्हणता येत नव्हतं.

क्लॅरेन्सला तिने शेवटी ठेवलं होतं. ‘सी. इबटसन’, चार ठिकाणी. चषक चाकाशी नेला आणि तिचे हात थांबले. इबटसन हे तिचंही नाव होतं. पहिल्या वेळी घरी आणून त्याने तिला ते दाखवलं होतं, स्वतःच्या जाड बोटाने अक्षरांवरून हळूच फिरवत. तेव्हा तो म्हणाला होता, "यातलं अर्धं तुझंच आहे." ती तेव्हा म्हणाली होती, "अर्धं?" आणि भांडण झालं होतं. आता त्या अर्ध्याची सुद्धा तिला हाव सुटली. "जळ्ळा मेला तू," ती त्या अक्षरांना म्हणाली. "एकदा, एकदाच सांगायचं होतंस त्यांना." आणि तिने चाकाला लावलं. डोळ्यांतून पाणी आलं ते नेलला दिसलं, पण नेलने आपलं चाक आणखी जोरात सोडलं आणि मोठ्याने गाणं म्हणायला लागली.

शनिवारी हॉरेस आला. चषक तपकिरी कागदात गुंडाळलेला होता. त्याने तिथेच कारखान्याच्या अंगणात कागद सोडला आणि चषक फिरवून बघितला. परत फिरवला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझं नाव कुठाय?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"अगं ए बाई! मी माझ्या स्वतःच्या माशीवर..."

"जांभळीवर," एनिड म्हणाली. "क्लॅरेन्सला दोन बियर पाजून नेलेली. पहिल्या वेळच्या सहा मी बांधल्या तेव्हा माझं बोट पिकलं होतं. दुसऱ्या वेळी तू क्लॅरेन्सला म्हणालास की जरा लहान गळावर हव्यात." तिने पिशवीतून व्हाइस काढला आणि अंगणातल्या पिंपावर घट्ट बसवला. गळ लावला. नखाने छेडला, टिंग वाजला. मग दोरा, तार, पीस मांडलं. "पाणी शाबूत आहे, ऐकलंस ना? बस. एक बांधून दाखव. माझ्या पैशाने नाव परत कोरून देते."

तोवर दारात बाया जमल्या होत्या, लाल फडक्यांची रांगच्या रांग. "बांध की रे हॉरेस!" "बांध राजा, आम्ही दोरा धरतो!" हॉरेस पिंपापुढे उभा राहिला. दोऱ्याला हात लावला, काढून घेतला. मग त्याने चषक पुन्हा कागदात गुंडाळला, पण सुतळी बांधायलाही त्याचे हात नीट चालेनात.

चषक पबमध्ये तसाच टकला उभा राहिला. नावं गेलेल्यांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. काढायचा तर पिंपावरच्या व्हाइसपुढे बसावं लागलं असतं.

पुढचा हिवाळा गेला. मार्च आला, हंगाम उघडला, आणि ओढ्यावर कुणी काहीही लावलं तरी ट्राउट वर येईना. एका शनिवारी सकाळी एनिडच्या मागच्या दारावर टकटक झाली. दारात हॉरेस, टोपी हातात.

"आहेत का गं थोड्या?"

"काय?"

"माश्या."

"कसल्या?"

"जांभळ्या."

"कुणाच्या जांभळ्या?"

हॉरेसने गल्लीत इकडे तिकडे बघितलं. शेजारीण दोरीवर चादरी वाळत घालत होती, ती थांबली. "तुझ्या," तो म्हणाला.

"मला नाव आहे."

"एनिडच्या."

"ऐकू येत नाही मला. चाकावर काम करून कान गेलेत."

"एनिडची जांभळी!" हॉरेस ओरडला. "एनिडच्या जांभळ्या हव्यात मला! झालं समाधान?"

शेजारणीच्या हातातला चिमटा पडला. पलीकडच्या दोन खिडक्या उघडल्या. एनिडने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आत टेबलावर हिवाळाभर बांधलेल्या जांभळ्या ओळीने वाळत होत्या, एकेक छेडून बघितलेल्या गळावरच्या.

"संपल्या," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.